धुतलेला सदरा आणि बेटावरचा मुक्काम

आमच्या घरातली कुठलीही सहल संध्याकाळच्या धारेला संपते. धारेची वेळ साडेपाचची. त्यामुळे लग्न असो, जत्रा असो, कुणाचं बारसं असो, आमचे हे दुपारी तीनपासून घड्याळ बघायला लागतात आणि चार वाजता चपला शोधायला लागतात. माझं माहेर अंथुर्ण्याचं, सासर वडगाव निंबाळकरचं. अंतर काही फार नाही, पण एकतीस वर्षांत हे एकदाही माझ्या माहेरी मुक्कामाला राहिले नाहीत. आई होती तोवर दर वेळी म्हणायची, "जावईबापू, आज ऱ्हावा की." हे पायरीवरूनच म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की." ती पुढची वेळ कधी यायची नाही, हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आमच्या गाईंनाही माहीत असावं.

नाही म्हणायला एकदा बारामतीला त्यांचा मोतीबिंदू काढला तेव्हा आम्ही दोघं एक रात्र घराबाहेर काढली. तो मुक्काम मी धरत नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर पाय आखडून पडणं म्हणजे सहल असेल, तर मग आमच्या गोठ्याची साफसफाईसुद्धा सहलच म्हणायची.

मला हवं तरी काय होतं? एक मुक्काम, आणि त्याच्यानंतरची एक सकाळ. जिच्यात चारला उठून गोठ्यातला दिवा लावायचा नाही आणि पहिला चहा दुसऱ्या कुणीतरी करून माझ्या हातात द्यायचा. एवढंच. पण हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं की हसं होतं, आणि मला हसं झालेलं अजिबात खपत नाही.

आमचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. माघ सरता सरता तो घरी आला आणि जेवताना मोबाईलवर फोटो दाखवायला लागला. उजनीच्या पाण्यावर होडी, पलीकडे गुलाबी पक्ष्यांची रांगच रांग, आणि पुढच्या फोटोत पाण्याच्या मधोमध एक बेट, त्याच्यावर दोन तंबू. म्हणाला, "आई, सकाळी होडीतनं पक्षी बघायचे, मग बेटावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तुम्ही दोघं जाऊन या. सगळं आयतं आहे."

मी विचारलं, "बेटावरून यायला रस्ता हाय का?"

"रस्ता कसा असेल? बेट आहे ते."

"मग संध्याकाळी परत यायचं म्हटलं तर?"

"नाही येता येत. होडी सकाळीच येते."

"ठरव," मी म्हटलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आमच्या ह्यांनी मात्र फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. नाही म्हणायला काही कारण सापडेना. ऊस कारखान्याला गेला होता, तोडणीनंतर राहिलेल्या खोडव्याला पाणी देऊन झालं होतं. भिगवणच्या पुढं तर जायचं होतं, काही परदेशी नाही. शेवटी म्हणाले, "आन तांबडी?"

तांबडीबद्दल सांगायला हवं. आमच्या गोठ्यात आठ गाई. सात गाई मशीनवर दूध देतात, आणि ते मशीन शेजारच्या घरातले माझे धाकटे दीरही लावू शकतात. आठवी तांबडी. जातीची जर्सी, रंगानं तांबडी आणि स्वभावानं माझ्या सासूबाईंवर गेलेली. मशीनचा आवाज आला की लाथ. परका हात लागला की पान्हा चोरते. कास दगडासारखी भरलेली असली तरी एक थेंब सोडायची नाही. तिला फक्त ह्यांचा हात चालतो. हे धार काढताना तिच्याशी काहीबाही बोलत असतात, ती कान हलवत ऐकत असते. तेवढं ते माझ्याशी बोलले असते तर मी आणखी दोन मुलं वाढवली असती.

मोतीबिंदूच्या वेळी ह्यांनीच एक युक्ती काढली होती. ह्यांनी तीन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला सदरा दिरांनी घालायचा, ह्यांचाच टॉवेल डोक्याला गुंडाळायचा आणि अवाक्षर न बोलता बसायचं. गाय वासावर असते. तांबडीनं एकदा मागं वळून हुंगलं आणि पान्हा सोडला. तेव्हापासून दीर म्हणतात की दादाच्या वासाला गोठ्यात जेवढी किंमत आहे तेवढी घरातही नाही.

तर ह्या वेळीही तसंच ठरलं. ह्यांनी निळ्या चौकड्यांचा सदरा तीन दिवस घातला, अगदी उकाड्यात वैरण कापतानाही, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यातल्या खुंटीला टांगला.

आता माझी बाजू. माझ्या सासूबाईंची एक शिस्त होती. मुक्कामाला बाहेर पडताना घरात खरकटं भांडं आणि मळकं कापड मागं ठेवायचं नाही. नव्या नवरीला त्यांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. गंमत म्हणजे मला ती कधी वापरायला मिळालीच नव्हती, कारण मुक्कामाला बाहेर पडायचीच पाळी आली नव्हती. त्या दिवशी पहाटे मी तीनलाच उठले. अंगात नुसता उत्साह. भांडी घासली, घरातलं कापड न् कापड गोळा केलं, दोरीवरचं, पलंगाखालचं, गोठ्यातल्या खुंटीवरचंसुद्धा, आणि सगळं धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत टाकलं. सासूबाई असत्या तर शाबासकी दिली असती.

अंधारातच घाईघाईनं धारा काढून आम्ही निघालो. बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, मग भिगवण, मग कुंभारगावचा काठ. बरोबर मी चकल्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि स्टीलच्या बरणीत तापवलेलं घरचं दूध घेतलं होतं. सगळं आयतं मिळणार हे माहीत होतं, पण दूध दुसऱ्याचं कसं असेल कुणास ठाऊक.

होडीवाला पस्तिशीचा, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातला. ह्यांना तो लगेच तात्या म्हणायला लागला आणि मला मावशी. होडी निघाली. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या पाण्यावर बसले होते. आमच्याकडे पाणी म्हणजे पाटाचं, पाळीचं, बांधावर उभं राहून वाट बघण्याचं. इथं ते नुसतं पसरलं होतं, कुणाचं नसल्यासारखं. मला फार बरं वाटलं. ह्यांना नाही. हे म्हणाले, "एवढं पाणी न् नुसतं पडून हाय."

"तात्या, पडून कुठं? मासं हायत त्याच्यात," होडीवाला म्हणाला.

मग पक्षी. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं हळूहळू रेटत आम्हाला उथळ पाण्याकडे नेलं. रोहित पक्षी लांबून पांढरे दिसतात, जवळ गेलं की फिकट गुलाबी, आणि पंख उघडले की आतून कुंकवासारखे लाल. शेकडो होते. सगळे माना खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवून चालत होते, आणि चालता चालता पायानं चिखल तुडवत होते.

"चिखलणी करत्यात की!" हे एकदम मोठ्यानं म्हणाले. भात लावायच्या आधी जसं खाचर तुडवतात तसं. होडीवाला हसला. म्हणाला की खरंच तसंच, तळातले किडे वर यावेत म्हणून ते तुडवतात. ह्यांचा चेहरा उजळला. पाखरं कामाची निघाली, मग त्यांना ती आवडली. त्यानंतर हे एकेका पक्ष्याची चौकशी करायला लागले. हा काय खातो, तो कुठून येतो, चक्रवाकाची जोडी आयुष्यभर एकत्र राहते हे खरं का. होडीवाला म्हणाला, खरं. हे म्हणाले, "मग त्यांची धार कोण काढतं?" आणि स्वतःच हसले. मी एवढं हसले की होडी हलली. एकतीस वर्षांत आम्ही दोघं एका वेळी एकाच गोष्टीला असं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

आणि तेवढ्यात माझी नजर होडीच्या टोकाला गेली. तिथं होडीवाल्यानं आपला ओला सदरा वाळत टाकला होता. चौकड्यांचा.

मला डोळ्यांपुढं अंगणातली तार दिसली, तारेवर क्रमानं लुगडं, उशीचे अभ्रे, टॉवेल, आणि शेवटी निळ्या चौकड्या. साबण लावून, दोनदा खळबळून, मी तो वास पार घालवला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सकाळचे नऊ वाजले होते, काठ जवळ होता, हे दुपारपर्यंत घरी पोचले असते. पण मी बोलले नाही. समोर ते गुलाबी पक्षी, शेजारी हसणारा नवरा, आणि पुढं बेट. मी मनाशी म्हटलं, बघू, तांबडी कदाचित टॉवेलावर भागवेल. मग आठवलं की टॉवेलही धुतलाय. तरी तोंड उघडलं नाही. मी लबाडी केली, हे इथं सरळच सांगते. तुंबलेल्या कासेला दगडीचा रोग होतो, एखादा सड कायमचा जातो, हे शेतकऱ्याच्या बायकोला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बेट म्हणजे धरण भरलं तेव्हा बुडायचा राहिलेला माळाचा उंचवटा. एक कडुनिंब, थोडं गवत, दोन तंबू आणि स्वयंपाकाला पत्र्याची शेड. होडीवाल्याची बायको आमच्याबरोबरच आली होती. तिनं माशाचं कालवण आणि भाकरी केली. मी बसून जेवले. ताट समोर आलं, उचललं गेलं, मी फक्त हात धुतले. जेवण उत्तम होतं, पण मी अर्धी भाकरी तशीच ठेवली. हे मात्र खूश. बेटाला तीन फेऱ्या मारल्या, पावलांनी मोजलं आणि जाहीर केलं, "दीड एकर भरंल. गाळ असा हाय, ऊस लावला तर माणसाच्या डोक्यावर जाईल." मग कडुनिंबाखाली आडवे झाले आणि दुपारी झोपले. दुपारी झोपलेला माझा नवरा मी फक्त तापात बघितला होता. मी त्यांच्याकडे बघत बसले. सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत होते, वारा होता, जगात कुणालाच घाई नव्हती. मला हे सगळं हवं होतं, आणि मिळालं तर आता मीच सारखं घड्याळ बघत होते.

पाच वाजून गेले. होडीवाल्यानं सांगितलं की तो आणि बायको आता काठावर जातील, रात्रीचं जेवण डब्यात आहे, शेडमध्ये शेगडी, चहा, साखर आहे, सकाळी सातला होडी येईल. बायको होडीत जाऊन बसली. आणि ह्यांचा फोन वाजला. ह्यांना फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावून बोलायची सवय, त्यामुळे बेटावर सगळ्यांनी ऐकलं.

"दादा, सदरा कुठं हाय? खुंटीवर न्हाय," दिरांचा आवाज आला.

"खुंटीलाच हाय. नीट बघ."

"न्हाय, म्हणतो ना. थांबा... अवो, हा तर तारंवर वाळतोय! टॉवेल बी! धुतलाय कुणी? तांबडी हात लावून देईना. कास टच्च झालीया."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी धुतला. पहाटं, ध्यानात न्हाय राहिलं. आन सकाळी होडीतच मला कळलं व्हतं. मी सांगितलं न्हाय."

"का?"

"तुमी परत गेला असता म्हणून."

त्यांना राग आला की ते बोलत नाहीत, आणि आनंद झाला तरी बोलत नाहीत, त्यामुळे अंदाज बांधणं अवघड. तंबूत गेले, आपली पिशवी घेऊन बाहेर आले आणि होडीकडे चालायला लागले. होडीवाला बिचारा कधी ह्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. मला एकदम रडू आलं. गाईचं वाईट वाटत होतं, स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीसुद्धा मला जायचं नव्हतं. मी खाली गवतात बसले आणि म्हटलं, "तुमी जा. तिचे हाल नकोत. मी ऱ्हाते हितं एकटी."

ह्यांचा एक पाय होडीत, एक काठावर. तसेच थांबले. होडीवाल्याला विचारलं, "घरापतूर किती येळ?"

"काठ अर्धा तास. तितनं गाडी मिळाली तर पुढं दीड तास."

एवढ्या वेळात काय होईल, हे ते मनात मोजत होते. मग त्यांनी होडीतला पाय काढून घेतला, पिशवी खाली ठेवली आणि फोनमध्ये म्हणाले, "ए, फोन तिच्या कानाला लाव."

"कुणाच्या?"

"तांबडीच्या, आन कुणाच्या! लाव म्हणतो ना. आन तू बादली घिऊन बस, बोलू नगंस."

हे आमच्याकडे पाठ करून पाण्याच्या कडेला उभे राहिले. आवाज बारीक केला, पण वारा आमच्याकडेच येत होता.

"काय गं बाई, रुसलीस व्हय? हाय मी, हितंच हाय. पाण्यात हाय जरा. आज पाखरं बघितली, तुज्यापेक्षा तांबडी. ऐक. तुजी मालकीण हाय ना, ती एकतीस वर्सं तुज्या येळंला उठली. तुज्या आदी तुज्या आईच्या येळंला उठली. ताप असला तरी उठली, माहेरनं निम्म्या जेवणावरनं उठली. तिनं कदी मागितलं न्हाय काय. आज एक रात मागितलीया, ती बी चोरून. दे की तिला. सोड, बाई. सोड."

मी गवतावर बसल्या बसल्या तोंडाला पदर लावला. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. सगळं मोजलेलं होतं, वर्षासकट. माझ्याशी बोलले नव्हते, एवढंच.

पलीकडून काहीच आवाज नव्हता. होडीवाल्याची बायको होडीतून वाकून बघत होती. हे आपले "सोड, बाई, सोड" एवढंच म्हणत राहिले, नेहमी धारेला बसल्यावर म्हणतात तसं. मग फोनमधून ठण्ण असा आवाज आला, रिकाम्या बादलीवर पहिली धार पडते तसा. मग दुसरा. मग चुर्र चुर्र.

निम्मं दिलं तिनं. पूर्ण दिलं असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तांबडी सासूबाईंवर गेलीय. तरी कास सैल झाली, दिरांचा आणि आमचा जीव भांड्यात पडला. दिरांनी ही हकिकत दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सगळ्या गावाला सांगितली. अजूनही दूध डेअरीवर कुणीतरी ह्यांना विचारतं, "तात्या, आज गाईचा फोन आला न्हाय व्हय?"

होडीवाल्यानं खोकून विचारलं, "तात्या, निघायचं ना?"

"तुमी निघा," हे म्हणाले. "आमी हाय हितं."

होडी गेली. इंजिनचा आवाज बारीक होत होत थांबला. मी दुधाची बरणी उघडली तर दिवसभराच्या उन्हात दूध नासलेलं. आम्ही डब्यातलं जेवलो, पाण्यावरचा उजेड जाईपर्यंत बसलो आणि लवकर पडलो. मी "चुकलं" म्हटलं नाही, पण त्यांच्या अंगावर शाल नीट केली.

सकाळी जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर ऊन आलं होतं. मी घाबरून उठून बसले. ऊन म्हणजे उशीर, धार राहिली, डेअरीची गाडी गेली. मग कळलं मी कुठं आहे. ह्यांची जागा रिकामी होती. ते चारलाच उठले असणार, आणि काढायला धार नाही म्हणून माणसानं काय करावं हे त्यांना सुचलं नसणार. आधी दिरांना फोन केला होता, पुन्हा तांबडीच्या कानाला लावायला लावला होता, आणि या वेळी तिनं आणखी थोडं जास्त दिलं होतं. हे मला नंतर कळलं.

शेडमधून भांड्याचा आवाज येत होता. मग हे तंबूच्या दाराशी आले, एका हातात पातेलं, एका हातात साखरेचा डबा, आणि अवघडून उभे राहिले.

"दूध न्हाय," म्हणाले. "कोराच केलाय."

आठ गाईंच्या मालकाच्या घरात आजवर कुणी कोरा चहा प्यायलेला नाही. मी म्हटलं, "चालंल."

तरी ते हलेनात. कुठल्या गाईला किती पेंड, कुणाला मीठ जास्त, कुणाला पाणी कोमट, हे ह्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, चमचा हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला साखर किती लागती?"

"दोन चमचे," मी म्हटलं.

त्यांनी दोन चमचे मोजून घातले आणि ढवळून कप माझ्या हातात दिला.